शेजारचा विस्तव

हरणाबाईचं माहेर आणि सासर, दोन्ही मेंढरांमागं फिरणारं. म्हसवडकडच्या कोरड्या मुलखातली ही माणसं दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरत आणि पावसाच्या तोंडाला माघारी जात. तिचा जन्मही वाटेवरचाच, कराडच्या अलीकडे एका पडीक रानातला. त्यामुळे "गाव कुठलं?" असं कुणी विचारलं की ती उलट विचारायची, "कुठल्या महिन्यातलं?"

नवरा कोंडीबा लढाईच्या काळात लष्करात लॉरी चालवत होता. सेहेचाळीस साली तो घरी आला तेव्हा निम्म्याहून अधिक मेंढरं रोगानं गेली होती. उरलेली त्यानं थोरल्या भावाच्या, धुळाच्या, स्वाधीन केली आणि साठलेल्या पगारातून लष्करानं लिलावात काढलेली एक जुनी लॉरी घेतली. तिच्यावर फळ्यांची खोली उभी केली. मागं दार, बाजूला झडपेची खिडकी, आत निजायची फळी, कोपऱ्यात उतरंड आणि उरलेल्या जागेत विकायची घोंगडी. पेट्रोल रेशनवर, म्हणून एका जागी पंधरवडाभर मुक्काम ठोकायचा, आसपासचे बाजार पायी करायचे आणि मग पुढे हलायचं.

धुळाला हे पटलं नाही. कळप आणि बिऱ्हाडं मिळून पडणाऱ्या तळाला ही माणसं वाडा म्हणत. "मेंढरावाचून वाडा असतो व्हय रं? हे तर चाकावरचं खुराडं," तो म्हणाला. कळपातलं कुत्रं आठवडाभर त्यांच्यासंगं राहिलं, पेट्रोलच्या वासाला शिंकत राहिलं आणि एक दिवस आपल्या पायांनी कळपाकडे निघून गेलं. हरणाबाईला मात्र ते घर पहिल्या दिवसापासून आवडलं. घर आपलं आणि वाटही आपली, असं तिला वाटे.

मुक्काम कुठं करायचा हे कोंडीबा ठरवी, आणि लष्करात शिकला तसं ठरवी. मोटार दाट झाडीत शिरवायची, वर फांद्या टाकायच्या, रस्त्यावरून टपसुद्धा दिसता कामा नये. चाकांना दगड लावायचे, दाराला साखळी घालायची. आणि शेवटी इंजिनातून रोटर काढून बंडीच्या खिशात टाकायचा. रोटर म्हणजे पितळी पट्टी बसवलेला, सुपारीहून थोडा मोठा काळा तुकडा. "ह्याच्याबिगर ही मोटार सायबाचा बा बी हलवू शकायचा न्हाई," असं तो दर मुक्कामाला सांगे.

मोटार कुणी हलवली नाही. पण कराडजवळ बाभळींच्या दाटीत ती लपवून दोघं बाजाराला गेली आणि परतली तर दाराच्या बिजागऱ्या उपसलेल्या. घोंगडी, तांब्याची दोन भांडी, जादाचं चाक, सगळं गेलं होतं. कुणी काही पाहिलं नव्हतं, कारण पाहायला तिथं कुणी नव्हतंच.

कोंडीबा मोटारीच्या पायरीवर बसून राहिला. "आणखी एकदा असं झालं तर मी ही विकणार," तो म्हणाला. "सांगलीत गिरणीत काम बघतो. एक खोली घिऊ."

बारा महिने एकाच रस्त्याकडे बघणारी ती खोली हरणाबाईच्या डोळ्यांपुढे आली आणि तिनं पदर खोचला.

"आवं, तुमी मोटार झाकता ती कुणापास्नं?"

"दुश्मनापास्नं. तशी रीतच हाय."

"हितं वरनं दुश्मनाचं इमान येतंय व्हय? चोर जमिनीवरनं येतो. तुमी मोटार झाकली, तर तिच्यासंगं चोर बी झाकला. पुढचा तळ मी निवडणार."

इस्लामपूरच्या अलीकडे, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या एका रानात तिनं मोटार उभी करवली, अगदी रस्त्याच्या कडेला. समोर गुऱ्हाळ चाललेलं आणि त्याला लागून घर. कोंडीबाला उघड्यावर अंघोळीला बसल्यासारखं झालं. त्यात हरणाबाई हातात खापरी घेऊन त्या घराकडे निघाली.

"आता कुठं?"

"विस्तव आणाय."

"काडेपेटी हाय की खिशात! भिकाऱ्यागत मागाय कशाला जातीस?"

"काडेपेटी आपल्याला नाव-गाव इचारती का?" असं म्हणून ती गेलीही.

ही तिच्या आईची रीत. नव्या रानात तळ पडला की पहिला विस्तव जवळच्या घरातून आणायचा. विस्तव देणारं माणूस सहज विचारतं, कुठले, कोणाचे, किती दिवस आहात. मग तुमच्या चुलीचा धूर त्या घराला आपला वाटू लागतो. त्या घरातल्या चंद्राबाईनं खापरीत निखारे घातले, बरोबर गुळाचा खडाही दिला. हरणाबाईनं तिच्या धाकट्या लेकराच्या मनगटाला दृष्ट लागू नये म्हणून काळ्या लोकरीचा दोरा बांधला.

आठवड्यानं कोंडीबा चाकाची ट्यूब आणायला प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं कराडला गेला. दुपारी हरणाबाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजत होती. तेवढ्यात दोन माणसं आली. एकाच्या अंगात कोट, दुसऱ्याच्या हातात पाना.

"कोंडीबाची मंडळी तुमीच का?" कोटवाला म्हणाला. "कराडात त्याला अपघात झालाय. दवाखान्यात हाय. तुमाला आन् मोटारीला घिऊन या म्हणालाय."

तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "लय लागलंय का? बोलतात का?"

"बोलतोय की! त्यानंच तर धाडलं आमाला."

ती दार ओढून घ्यायला उठलीसुद्धा. तोच तिला दिसलं की पानावाल्यानं इंजिनाचं झाकण केव्हाच वर केलंय. ती थबकली. "मोटारीचं काय दिलंय का त्यांनी तुमच्यापाशी?"

"काय द्यायचं? जा म्हणाला की आलो."

तिचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी अंगावर काटाही आला. बोलता येत असलेला कोंडीबा आधी खिशातला रोटर काढून देईल, मग पाणी मागेल.

तिकडून पानावाला ओरडला, "गड्या, रोटरच न्हाई हितं!"

"असंल बाईंपाशी," कोटवाला पुढे सरकत म्हणाला. "द्या बघू, उशीर हुतोय."

पळावं तर घर त्यांच्या हाती, ओरडावं तर ते काय करतील याचा नेम नाही. हरणाबाईनं खापरी उचलली आणि रस्त्यापलीकडे हाक घातली, "चंद्राक्का, वाईच विस्तव दे गं!"

चंद्राबाई अंगणात जोंधळे पाखडत होती. तिनं वर पाहिलं. हरणाबाईच्या चुलीतून चांगला धूर निघत होता. मग तिला ती दोन माणसं दिसली, उघडं इंजिन दिसलं.

"देते की! किती पायजे?"

"हाय तेवढा समदा घिऊन ये!"

चंद्राबाई सूप ठेवून उठली. चुलीकडे न जाता ती गुऱ्हाळाकडे गेली.

तिचा नवरा सयाजी पाच-सहा गड्यांना घेऊन आला. प्रत्येकाच्या हातात ऊस.

"राम राम पावनं. काय झालं म्हणायचं?"

"कोंडीबाला लागलंय," कोटवाला म्हणाला.

"आरारा! कुठं लागलं?"

"डोक्याला," कोटवाला म्हणाला, त्याच दमात पानावाला म्हणाला, "पायाला."

"म्हंजे मधलं सलामत हाय," सयाजी म्हणाला. "बसा. कराडची मोटार ईल, तवा खरं काय ते कळंल. हंबीरराव, पावन्यांना रस आण."

पाहुणे बसले. न बसून सांगतात कुणाला? एक पेला संपला की गुऱ्हाळावरचा गडी हंबीरराव दुसरा भरी. "घ्या, लाजू नगा," असं म्हणत त्यानं त्यांना नको नको म्हणेतो रस पाजला. दिवस कलता सर्व्हिस मोटार थांबली आणि गळ्यात ट्यूब अडकवलेला कोंडीबा धडधाकट दोन्ही पायांवर खाली उतरला. पाहुणे आपापल्या पेल्यात बघू लागले. गड्यांनी त्यांना पोलीस पाटलाकडे नेलं.

मगच हरणाबाई पायरीवर टेकली.

"विस्तव आणायचाच ऱ्हायला गं," चंद्राबाई म्हणाली.

"पोचला, पोचला," हरणाबाई म्हणाली, आणि दोघी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

मोटार विकायचं नाव कोंडीबानं पुन्हा काढलं नाही. ही हकीकत कळपापर्यंत गेली, तेव्हा धुळा दहा जणांना सांगत सुटला, "आमचा चाकावर बी एक वाडा हाय. लय जागती बाई हाय त्यात."

पुढचा मुक्काम वाळव्याच्या पुढे पडला. कोंडीबानं न सांगता मोटार मोकळ्या रानात उभी केली, चाकांना दगड लावले, रोटर खिशात टाकला. हरणाबाईनं चुलीसाठी तीन दगड मांडले आणि खापरी शोधू लागली. ती जागेवर नव्हती.

तिनं मान वर केली. खापरी हातात घेऊन कोंडीबा जवळच्या घराच्या अंगणात उभा होता. पेट्रोलपासून जपून ठेवलेली काडेपेटी बंडीच्या वरच्या खिशातून डोकावत होती.

"कोण रं?" आतून आवाज आला.

"आमी म्हसवडकडचं," तो कवायतीच्या मोठ्या आवाजात म्हणाला. "हितं समोर उतरलोय. आमच्या मंडळींना वाईच विस्तव पायजे हुता."