दीड ताऱ्याचा सिनेमा

गजानन आठल्ये दर शुक्रवारी पहिला खेळ बघायचे आणि अंधार पडायच्या आत परीक्षण लिहून द्यायचे. शनिवारी ते जयपूरच्या एका हिंदी दैनिकात छापून यायचं. विम्याच्या कचेरीत असताना हौस म्हणून धरलेलं हे काम निवृत्तीनंतर अंगाला चिकटलं. वडील रत्नागिरीहून बदलीवर जयपूरला आले होते. विद्याधर नगरात घर झालं आणि परत जायचं राहून गेलं.

सिनेमा तोलायची त्यांची पद्धत साधी होती. पडद्यावरच्या माणसाने काम केलंय का? वाईट सिनेमा त्यांना चालायचा, आळशी चालत नसे. एका युद्धपटावर त्यांनी लिहिलं, ‘नायक आठवडाभर खंदकात आहे आणि न्हावी बहुधा शेजारच्याच खंदकात.’ एका भयपटावर लिहिलं, ‘मेहनत फक्त भुताने केली आहे.’ ऐतिहासिक सिनेमात त्यांना घोडे आवडले, राजे नाही. एका कौटुंबिक सिनेमातली आई सुरुवातीपासून शेवटपर्यंत कणीक मळत होती. आठल्यांनी विचारलं, ‘पोळ्या कधी होणार?’ असल्या सिनेमांना एक तारा, फार तर दीड. चार तारे वर्षादोन वर्षांतून एखाद्याच्या वाट्याला यायचे. एका शिंप्यावरच्या संथ, बिनगाण्याच्या सिनेमाला त्यांनी ते दिले, कारण त्यातल्या नटाने सुई खरोखर ओवली होती. त्या सुईवर त्यांनी अख्खा परिच्छेद खर्च केला.

इतक्या वर्षांत आपल्यामुळे शहराला चांगल्या सिनेमाची थोडी चव लागली, असं त्यांना मनापासून वाटत होतं. तसं ते कुणाला बोलून दाखवत नसत. पण वाटत होतं.

त्यांची मुलगी अनुश्री मुंबईत सिनेमांचं ध्वनीचं काम करायची. इतके दिवस दुसऱ्यांच्या हाताखाली. या हिवाळ्यात पहिल्यांदा एका सिनेमाचा सगळा आवाज तिने एकटीने केला होता. गावातली एक बाई एकटीने विहीर खणते, एवढीच गोष्ट. नामांकित नट एकही नाही. जयपुरात तो एकाच ठिकाणी लागणार होता, शास्त्री नगरातल्या जुन्या थेटरात. शनिवार-रविवारी लोक आले तर पुढे चालेल, नाहीतर सोमवारी उतरेल.

आठल्ये आधी संपादकांकडे गेले. “मुलीचा सिनेमा आहे. दुसऱ्या कुणाला लिहायला सांगा.”

“दुसरं कोण आहे, आठल्येजी?” संपादक म्हणाले. “बाकीचे सगळे फोनवर बघतात, तेही पळवत पळवत. तुम्हीच लिहा. तुम्ही कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही, हे शहर जाणतं.”

थेटरचे मॅनेजर नंदकिशोरजी यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून कचोरी पुढे केली. एवढा मान कधी मिळाला नव्हता.

“साहेब, बिटियाचा सिनेमा आहे. एक विनंती. तुडवा त्याला.”

“काय?”

“जोरात तुडवा. दीड ताऱ्याच्या वर जाऊ नका.”

“का म्हणून?”

नंदकिशोरजींनी दार लोटून घेतलं. “वाईट वाटून घेऊ नका. सगळं शहर आपलं वाचतं. तिकडे बस्सी गावची माणसंसुद्धा वाचून इथली बस धरतात. दीड तारा दिसला की म्हणतात, मतलब मजा आहे, चला. चार दिसले की घरी रजई ओढून झोपतात. त्या शिंप्याच्या सिनेमाला मी, गेटकीपर आणि आपण होतो. आपल्याकडे पास होता.”

आठल्यांनी कचोरी तशीच ठेवली. घरी येऊन त्यांनी बायकोला हे खरं का म्हणून विचारलं. रत्नप्रभाबाई मटार सोलत होत्या.

“मग? आमच्या महिला मंडळातल्या सगळ्या बायका तसंच करतात,” त्या म्हणाल्या.

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही इतकं मन लावून लिहिता. आणि उपयोग तर होतच होता की लोकांना.”

“उलटा!”

“उलटा म्हणा. पण पक्का. आमचं तिकीट कधी वाया गेलं नाही.”

शुक्रवारी आठल्यांनी सिनेमा बघितला. कथेत बोट ठेवायला जागा होत्या. पण आवाज ऐकून ते खुर्चीत सरळ बसले. सुरुवातीला पहार दगडावर बसते तेव्हा आवाज कोरडा, उघडा येतो. विहीर खोल जाते तसा तो आत ओढला जातो, भिंतींना लागून परत येतो. आणि पाणी लागायच्या आधी पहारीचा आवाज किंचित जड होतो. बाईला अजून कळलेलं नसतं. ऐकणाऱ्याला कळतं. हे कुणीतरी विहिरीत उतरून, ऐकून, पुन्हा ऐकून केलेलं होतं. त्यात कुठेही हात आखडता घेतलेला नव्हता.

हे असंच लिहिलं तर सिनेमा सोमवारी उतरणार होता.

खोटं लिहायचं नाही, हे ठरलेलं. म्हणून ते दुपारच्या खेळाला पुन्हा बसले, खऱ्या चुका शोधायला. आळशी सिनेमांवर अशी मेहनत त्यांना कधी करावी लागली नव्हती. चुका सापडल्या. विहीर खणणाऱ्या बाईच्या साडीला इस्त्री होती. सरपंच संवाद पाठ म्हणत होता. दोन गाणी काढली असती तर कुणाचं बिघडलं नसतं. हे सगळं त्यांनी कडक भाषेत लिहिलं आणि खाली दीड तारा दिला. आवाजाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. तिथे त्यांना तुडवता येईना.

शनिवारी संध्याकाळी थेटर भरलं. नंदकिशोरजींनी त्यांना मिठीच मारली. आठल्ये मागे उभे राहिले. लोक खूश होते, सरपंचाला शिट्ट्या पडत होत्या. पहारीचा आवाज जड झाला तेव्हा पुढच्या रांगेत चिप्सची पाकिटं फुटत होती आणि एक गृहस्थ फोनवर कुणाला तरी थेटरचा रस्ता समजावत होते.

रविवारी अनुश्रीचा फोन आला.

“बाबा, वाचलं. साडीचं बरोबर आहे, मीही त्यांना सांगितलं होतं. पण आवाजावर एक शब्द नाही?”

“हाउसफुल्ल आहे इथे,” ते म्हणाले आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. कचोरीपासून.

ती म्हणाली, “म्हणजे उपकार केलेत.”

“अगं, सिनेमा चालावा म्हणून...”

“निर्मात्याचा चालतोय. गर्दी मी मागितली होती का? त्या शिंप्याच्या सुईला तुम्ही परिच्छेद दिलात. मला सुईएवढं तरी द्यायचंत. वाईट लिहायचंत! पण लिहायचंत.”

फोन तिनेच ठेवला.

आठल्ये रात्री जेवले नाहीत. रत्नप्रभाबाई एवढंच म्हणाल्या, “लहानपणी ती चित्र दाखवायला यायची. तुम्ही म्हणायचात, हात बरा आहे, घाई झाली.”

“घाई व्हायचीच.”

“आत्ता झाली का?”

सोमवारी ते संपादकांकडे गेले. “त्याच सिनेमावर पुन्हा लिहायचंय.”

“छपाईची चूक झाली का?”

“माझी झाली.”

बुधवारी चौकटीत मजकूर आला. साडी, सरपंच, गाणी यांबद्दलचं मत कायम होतं. त्याखाली आवाजावर परिच्छेद होता, मग तारे होते, चार. शेवटी एक ओळ: ‘ध्वनिमुद्रण करणारी माझी मुलगी आहे. हे पहिल्याच वेळी सांगायला हवं होतं.’

शहराने चार तारे बघितले आणि रजई ओढली. गुरुवारी थेटर रिकामं होतं. नंदकिशोरजींचा दुपारपासून फोन येत होता. एकदा आठल्यांनी उचलला तेव्हा ते म्हणाले, “साहेब, चालत्या गाडीखाली विटा घातल्यात! अजून दोन आठवडे गेला असता.” आठल्ये म्हणाले, “हो, गेला असता.”

संध्याकाळी अनुश्रीचा फोन आला.

“सिनेमा उतरतोय ना तिथला?”

“उद्या. निर्माता बोलला का काही?”

“खूप बोलला. ते जाऊ दे. पेपर आहे समोर? वाचून दाखवा.”

“तू वाचलंस ना?”

“फोनवर बारीक दिसतं. वाचा.”

आठल्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. पहार, भिंती, पाण्याआधीचा जडपणा. पुढे लिहिलं होतं की पहिल्या गाण्यात वाऱ्याचा आवाज जास्त झाला आहे.

“झालाच आहे,” ती म्हणाली आणि हसली. “ते मलाही खटकतं. पाण्याआधीचं पुन्हा वाचा.”

मध्येच नंदकिशोरजींचा फोन येऊ लागला. टुक टुक वाजत राहिला.

“घ्यायचाय का तो?” अनुश्रीने विचारलं.

“नाही,” ते म्हणाले आणि बोट ओळीवर ठेवून पुन्हा वाचू लागले, या वेळी जरा सावकाश.