दाराला राहिलेली पावाची पिशवी

सात किलोमीटर चालून झाले होते, आरोग्यमातेचं टेकडीवरचं देऊळ अजून चार किलोमीटर लांब होतं, आणि देओलिंदा रस्त्याच्या मधोमध थांबली. मी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला आकडी येते, त्यामुळे ती थांबली की आम्ही सगळेच तसं पाहतो.

"बरी आहे गं मी," ती म्हणाली. "पिशवी राहिली, शालन. पावाची."

रात्री रिकामी कापडी पिशवी दाराच्या कडीला अडकवायची आणि सकाळी पाववाला तिच्यात पाव टाकून जातो, ही आमच्या या परदेशी गावाची, मी इथे राहायला यायच्याही आधीपासूनची रीत. देओलिंदा बावन्न वर्षांची, बिनलग्नाची, एकटी राहणारी. म्हणून तिच्या पिशवीला आणखी एक काम लागलं होतं. सकाळी नऊपर्यंत पिशवी आत गेली नाही, तर समोरच्या एर्मिनियाबाईंनी बंबवाल्यांना फोन करायचा. इथे आजाऱ्याला न्यायलाही तेच येतात. काल रात्री सवयीने तिने पिशवी अडकवली, आणि आज पाववाला यायच्या आधीच आम्ही दोघी निघालो.

दार आधी दोनदा फोडून झालं होतं. पहिल्यांदा ती खरंच स्वयंपाकघरात पडलेली सापडली, ओठ फाटलेला. दुसऱ्यांदा ती अंघोळीच्या टबात रेडिओ ऐकत होती. चौघा बंबवाल्यांनी हेल्मेटं काढून भिंतीकडे तोंडं केली, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत फिरली. तिच्या भावाला, फाउस्तोला, मात्र हसू आलं नाही. तो तीस वर्षं फ्रान्समध्ये आहे. पुन्हा दार फुटलं तर गाडीत घालून घेऊन जाईन, असं त्याने बजावलं होतं. आणि हा ऑगस्ट. तो सुट्टीवर आलेला, दोन गल्ल्या सोडून सासुरवाडीला उतरलेला.

तिला जायचं नव्हतं. अठरा वर्षं तिने गाडीतून गावोगाव मासे विकले होते. आजारपणात गाडी चालवायचा परवाना गेला, तेव्हा ती एक दिवस रडली आणि दुसऱ्या दिवसापासून पायी फिरू लागली. मासे विकताना घालायचे जाड एप्रन कापून तिने टेबलाच्या कोपऱ्यांना गाद्या शिवल्या. न्हाणीघराची कडी काढून टाकली. शेगडीची चूल पेटवते ती फक्त मागची, पडताना भांडं अंगावर येऊ नये म्हणून. पडायची तयारी करूनच ती मजेत राहते.

घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. तिचा फोन घरी चार्जिंगला. माझ्या फोनवरून एर्मिनियाबाईंना लावला तर व्यस्त. त्या कुणाशी बोलत असतील हे आम्हाला दोघींनाही कळलं. मग बंबवाल्यांना लावला. तिथला अबीलियो म्हणाला की गाडी निघालीसुद्धा, पण तो गाडीतल्या पोरांना कळवतो. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिले. देओलिंदा दगडी कठड्यावर बसून बूट झाडत होती.

दहा मिनिटांनी अबीलियोचाच फोन आला. त्याचं सगळं ऐकून झाल्यावर ती इतकी हसली की मी पुन्हा घाबरले. बंबवाल्यांनी दाराला हातही लावला नव्हता. ते पोचायच्या आधीच एर्मिनियाबाईंच्या हाकेने फाउस्तो धावत आला होता आणि त्यानेच खांद्याने धडक दिली होती. दार उघडलं, खांदा निखळला. आता गाडीत तोच आडवा होता.

"गाडीत लावून दे, त्याच्याशी बोलते," ती म्हणाली. मग पलीकडे फाउस्तो आला.

"चालायला गेलीस? मला वाटलं, मेलीस तू." त्याचा आवाज फाटला होता.

तिचं हसू थांबलं. "नाही रे राजा. तुझ्याच खांद्यासाठी मेणबत्ती लावायला चाललेय समज."

संध्याकाळी बोलू, एवढंच तो म्हणाला. ते बोलणं तिला फ्रान्सला नेण्याचंच असणार.

उरलेले चार किलोमीटर आम्ही चालून काढले. देवळात मेणबत्ती लावली, मीही डोकं टेकवलं. बाहेर बदामाच्या झाडाखाली डबा उघडल्यावर मी तिला विचारलं, इतकी वर्षं शेजारी कुणाकडे एक किल्ली का नाही ठेवलीस? ती म्हणाली, एर्मिनियाबाईंना दिली असती तर आठवड्यात त्यांनी माझी कपाटं लावून टाकली असती. किल्ली दिली की घर अर्धं दुसऱ्याचं होतं.

मग तिने पावाला चीज लावलं, माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "आता नवीन कुलूप येईल, दोन किल्ल्यांचं. एक तू ठेव, जवळच तर राहतेस. आणि संध्याकाळी माझ्याबरोबर चल, फाउस्तोला तुझ्या तोंडाने सांग की दार उघडायला तू आहेस. माझं सांगणं तो ऐकायचा नाही. फक्त एक कर, शालन. आत आलीस की आधी मला बघ, खरकटी भांडी नको."