शुक्रवारी लूम बंद असतात

"ताई, तिसरं गाणंही फसलं तर मी गाणं सोडणार," असं ओमनं, माझ्या धाकट्या भावानं, जाहीर केलं आणि मी बुऱ्हाणपूरची तिकिटं काढली. आम्ही दोघं स्वतःच लिहितो, चाली लावतो, स्वतःच नेटवर टाकतो. पहिली दोन गाणी पुण्यात भाड्याच्या स्टुडिओत केली. अगदी स्वच्छ आणि अगदी निर्जीव! तिसरं मात्र दिवाळीत बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात, आत्याच्या माडीवर सुचलेलं. लहानपणी आम्ही तिथंच राहायचो. मग तिथंच रेकॉर्ड करू म्हटलं. अडचण एकच: माडीखाली पॉवरलूम, दिवसभर खटाखट. पण शुक्रवारी ते बंद असतात. म्हणून माझ्या अकलेनं गुरुवारी निघालो.

तुम्ही जाणार असाल तर सांगते, थेट गाडी मिळाली नाही तर भुसावळला बदला. पुढे तासभर खिडकीतून केळीच केळी. स्टेशन गावापासून लांब आहे. शेअर रिक्षा मिळते, फक्त गिटार मांडीवर घ्यायची तयारी ठेवा. उतरल्या उतरल्या गरम मावा जलेबी खा. एकच पुरे, असं मी म्हटलं होतं. तीन खाल्ल्या.

शुक्रवारी सकाळी खिडक्यांना गाद्या लावल्या. काय शांतता होती! आणि त्या शांततेत गाण्याचा पार बोऱ्या वाजला. ओम पुढे पळायचा, मी मागे राहायची. कानात तालाची टिकटिक लावून पाहिली, तर आवाज शाळेतल्या प्रार्थनेसारखे. अकरा वेळा गायलो.

"तुझं लक्ष कुठंय?" मी ओरडले.

"लक्ष आहे, गाण्यातच दम नाही," ओम म्हणाला आणि वायरी गुंडाळायला लागला.

आत्या चहा घेऊन आली. "अरे बाबा, दिवाळीत तर मस्त गात होते तुम्ही. तेव्हा खाली लूम चालू होते ना."

आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. लुमांच्या खटाखटीत झोपलेली, तिच्याच ठेक्यावर पाढे पाठ केलेली आम्ही कार्टी, आणि शांतता शोधत इथवर आलो होतो! संध्याकाळी राजघाटावर तापीत पाय सोडून बसलो आणि परतीचं तिकीट एक दिवस पुढे ढकललं.

शनिवारी गाद्या काढल्या. खाली खटाखट सुरू झाली, माडी थरथरली आणि पहिल्याच ओळीला आम्ही दोघं एका ठेक्यात आलो. अंगावर काटा आला हो! शेवटचं कडवं आलं आणि अचानक लूम थांबले. मी ओमकडे पाहिलं. तो डोळे मिटून गात होता. मीही थांबले नाही. खाली काहीच वाजत नव्हतं, तरी एक मात्राही सुटली नाही.

गाणं संपताच खालून लूमवाल्या चाचांची हाक आली, "बेटा, बंद कर दिया! अब आराम से गाओ!" आत्यानं त्यांना रेकॉर्डिंगचं सांगितलं होतं.

पुण्यात परतून आठवडा झाला. गाणं नेटवर टाकलं, पण कुणी किती ऐकलं, ते अजून पाहिलेलं नाही. टाकण्याआधी, शेवटचं चाचांचं वाक्य कापू का, असं मी ओमला विचारलं होतं.

"हात नको लावूस," तो म्हणाला. "आणि चौथ्यासाठी तिकीट काढशील तेव्हा शुक्रवार सोडून काढ."