ठिपका फिरला, स्पिंडल नाही

निहार, सई,

तुमची आजी फिजिक्सची पदवीधर. भुताखेतांच्या गोष्टी मी तुम्हांला कधीच सांगितल्या नाहीत, कारण त्यांवर माझा विश्वास नव्हता. आजही नाही... तरी हे लिहिते आहे.

गेल्या वर्षीचा एक शुक्रवार, दुपारचे तीन. बोईसरच्या आपल्या वर्कशॉपला सुट्टी. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. आत आम्ही दोघंच — मी आणि दातिवऱ्याचा दामू, आपला जुना फिटर. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या लेथवर एक जड शाफ्ट चढायचा होता आणि त्याच्यापाशी दामूच उभा राहणार होता. म्हणून आधी स्पिंडल, म्हणजे लेथचा फिरणारा आस, तपासत होतो.

स्पिंडलच्या तोंडाशी असलेल्या चकमध्ये, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्यांत, बॅटरीवरचा लेसर धरला. समोर भिंतीवर आलेखाचा कागद. दामू हाताने चक पाव-पाव फेरा फिरवी आणि लाल ठिपका पडेल तिथे मी पेन्सिलने खूण करी. चार खुणा, म्हणजे एक वर्तुळ. मग लेसरच्या पकडीचे स्क्रू पिळून निम्मी चूक काढायची, पुन्हा फिरवायचं.

"बाई, ठिपक्यांची रांगोळी काढता काय?"

"तू स्क्रू पीळ."

तासाभराने चक पूर्ण फिरवला तरी ठिपका जागचा हलेना. लेसर अक्षावर आला होता. दामू हात पुसत बाजूला झाला.

आणि ठिपका सरकला. सावकाश, पहिल्या चारही खुणांवरून... उजवीकडच्या खुणेवर थबकला, पुन्हा निघाला.

"दामू, थट्टा पुरे."

"मी कुठं? हात बघा ना माझे!"

दोन्ही हात वर. चक स्थिर. मी तळवा ठेवला — थंड, निश्चल लोखंड. ठिपका मात्र फिरत होता आणि दर फेऱ्याला उजवीकडेच थांबत होता. लेथवर काम करताना दामू त्याच बाजूला असतो.

"बाई... उद्या मी हितं नाय उभा राहणार."

बाहेरून ट्रक गेला की ठिपका थरथरतो, वर्तुळात फिरत नाही. हे मला कळत होतं. तरी आम्ही बोल्ट, बेअरिंग, सगळं तपासलं. दोष सापडला नाही. शाफ्ट उद्याच द्यायचा होता. रात्रभर मला झोप नाही.

सकाळी मी सगळ्यांना बाहेर काढलं. स्विचला लांब वायर जोडून दामूने खांबाआडून मशीन सुरू केलं. आठेक मिनिटं ठीक. मग तोफेसारखा आवाज! शाफ्ट धरणारा चकचा एक जबडा तुटून उडाला होता. उजवीकडच्या पत्र्याला भोक पडलं, दामूच्या छातीच्या उंचीवर.

जबडा का तुटला ते कळलं: आतून जुनी चीर होती, वरून न दिसणारी. पण आदल्या दिवशी ठिपका का फिरला?

माझ्या तपासणीच्या तक्त्यात 'कारण' हा रकाना मी कधी रिकामा सोडलेला नाही. त्या शुक्रवारचा अजून रिकामाच आहे. परवा पुन्हा पेन घेऊन बसले, तर दामू चहा ठेवत म्हणाला,

"राहू द्या, बाई. मी हाय ना हितं... तेवढं पुरे."

— आजी