नाव मोठ्यानं सांगायचं

"नाव मोठ्यानं सांगायचं. बापाच्या नावासकट." पोलीस चौकीच्या पायरीवर उभे राहून काका आत नेलेल्या माणसाच्या घरच्यांना बजावत आणि त्याचं नाव स्वतःच असं पुकारत, की समोरच्या पानवाल्यानंही मान वर करावी.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले, डहाणूतले आमचे शेजारी. ऐंशीच्या दशकात मी नुकती वकिली सुरू केली होती. तलासरीकडच्या पाड्यांवरून कुणाला पोलिसांनी उचललं, की घरची माणसं माझ्याआधी काकांना गाठत. काका छत्री काखेत मारून एसटी पकडत आणि माणूस सुटेपर्यंत पायरीवरून हलत नसत.

हवालदार वैतागे. "काका, आम्ही काय खातो का माणसाला?"

"तसं नाही साहेब. तो आत आहे हे चार लोकांना ठाऊक असलेलं बरं."

घरी मात्र काका कुजबुजल्यासारखे बोलत. काकूही.

मग तलासरीला एक सभा झाली. आणीबाणीत ज्यांच्या घरचं माणूस नेलं आणि परत आलं नाही, ते एकेक उठून बोलत होते. काका कडेला सतरंज्या घालत होते. त्यांनी जिचा मुलगा सोडवून आणला होता, त्या वारली म्हातारीने सहज विचारलं, "काका, तुजा पोर कुठं हाय?"

सतरंजी हातातच राहिली.

"आणीबाणीत मीच नेला त्याला चौकीवर. पत्रकं वाटायचा. साहेब म्हणाले, दोन प्रश्न विचारून सोडतो. शेजारी बघतील म्हणून मागच्या गल्लीने नेला. नंतर म्हणाले, असा कुणी आलाच नव्हता. साक्षीला कोण होतं? मला लोकांची लाज वाटली हो."

ते लोक म्हणजे आम्हीच. मला वर बघवेना.

"काय नाव त्याचा?" म्हातारीने विचारलं.

काकांचे ओठ हलले, आवाज फुटेना. तेव्हा बायकांतून काकू उठल्या. त्यांनी मुलाचं नाव घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत नवऱ्याचंही. "मामाकडे गेलाय, असं मी सगळ्यांना सांगत होते. एकट्या ह्यांना बोल लावू नका."

माझ्या आईलाही त्यांनी तेच सांगितलं होतं. आईला ते खरं वाटलं नव्हतं. तरी तिने पुन्हा विचारलं नाही.

नव्वदच्या दशकात काका वारले. भेटायला आलेल्या बायका रडत होत्या. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. आईने हात धरला तेव्हा म्हणाल्या, "ह्यांच्या तोंडात मी पाणी घातलं. पुढच्या दारातून नेताना पाहिलं. एवढं तरी झालं."