बंद लॉजमधून आलेल्या तीन थापा

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही, आणि बायकोच्या मते देवावरही पुरेसा नाही. मी गुरांचा डॉक्टर. ज्या माणसानं जन्मभर म्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातला, त्याला अंधाराची भीती काय घालता! पण ही गोष्ट अंधारातली नाहीच. लख्ख उजेडात, दुपारी चार वाजता घडली... आणि ऐकणारा मी एकटा नव्हतो.

आताचं छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला वीसेक वर्षं झाली असतील. छावणीत फ्रीमेसन मंडळींची, म्हणजे एकमेकांना भाऊ मानणाऱ्या एका जुन्या गुप्त संघाची, लॉज होती – दगडी हॉल, कायम बंद खिडक्या. गाव तिला जादूघर म्हणायचं. आत बोकड माणसासारखा बोलतो, नव्या मेंबरला पेटीत पुरतात, असल्या अफवा होत्या. त्यातल्या निम्म्या मीच उठवलेल्या, कारण मी तिथला टायलर होतो. टायलर म्हणजे सभा चालू असताना उपसलेली तलवार घेऊन दाराबाहेर उभा राहणारा पहारेकरी. माझ्या तलवारीनं लोणी कापलं गेलं नसतं, पण छावणीतली कुत्री मला बघून रस्ता बदलायची.

आमच्यात एक नियम फार कडक. लॉजची सनद, म्हणजे तिला परवानगी देणारा मूळ कागद, भिंतीवर हजर नसेल तर सभा भरतच नाही. गव्हर्नर आला तरी नाही. आणि वर्धापनदिनाला सगळ्यात जुना सभासद ती मोठ्यानं वाचतो, स्थापना करणाऱ्या सातही जणांची नावं घेऊन. त्या वर्षी वाचणार होते आमचे सेक्रेटरी सिद्दीकीसाहेब. निवृत्त मुन्सफ, वय ऐंशीच्या पुढं, नजर जवळजवळ गेलेली. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत त्यांनीच ती सनद गव्हाच्या कणगीत लपवून वाचवली, असं सगळे सांगायचे.

तिची काच तडकली होती. फ्रेम बदलून आणायचं काम माझ्याकडं आलं. "डॉक्टर," साहेब म्हणाले, "हे माझं शेवटचं वाचन. पुढच्या साली डोळे राहतात की मी राहतो, अल्ला जाने. संभालके लाना."

वर्धापनदिनाच्या दुपारी उस्मानपुऱ्यातल्या फ्रेमवाल्याकडून वर्तमानपत्रात गुंडाळलेली सनद घेतली, स्कूटरला पुढं उभी केली आणि निघालो. छावणीच्या तोंडाशी पडेगावचा शेषराव आडवा आला.

"डाक्टरसाहेब, म्हैस अडलीय! सकाळधरनं कळा देतीय, चला लवकर!"

गेलो. आता म्हैस कसली, तिच्या सावलीत चार बाजा मावल्या असत्या! सनद कडब्याच्या गंजीवर ठेवली, शर्ट काढला आणि तासभर झुंजलो. शेवटी एकदाचं रेडकू बाहेर आलं. शेषरावनं दोन कप चहा पाजला, बायकोनं गूळ दिला, मी स्वतःचं कौतुक ऐकत स्कूटर मारली ती थेट लॉजवर.

किल्ली माझ्याकडंच. हॉल उघडला, खुर्च्या मांडल्या, सनदेचा खिळा रिकामा दिसला तेव्हा डोक्यात वीज पडली... सनद गंजीवर!

कुलूप घालून बाहेर पळालो. स्कूटरला किका मारल्या – शंभर तरी मारल्या असतील, खोटं कशाला बोलू, वीस – ती काही हूं की चूं करेना. तेवढ्यात टांगा आला. सिद्दीकीसाहेब आणि हैदराबादचे दोन पाहुणे.

"डॉक्टर, सनद लागली ना जागेवर?"

"लागली, साहेब." तोंडातून गेलं.

"बहोत अच्छे," म्हणत त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही पायऱ्या चढलो. मला एकच दिसत होतं. आता दार उघडणार, म्हातारा चाचपडत भिंतीपाशी जाणार आणि पाहुण्यांसमोर त्याचा हात रिकाम्या खिळ्याला लागणार. वीस वर्षं जिवापाड जपलेली वस्तू, आणि घालवली कुणी? मी.

मी किल्ली लावणार, तोच आतून थापा पडल्या. तीन. सावकाश, मोजून. सभेत आतला पहारेकरी दाराबाहेरच्या टायलरला देतो, तशाच.

"अंदर कौन है?" साहेबांनी विचारलं.

"कोणी नाही, साहेब. किल्ली माझ्याकडं..."

"मग जवाब द्या. टायलर आहात ना तुम्ही?"

मी मुठीनं तीन थापा दिल्या आणि कुलूप काढलं. आत चिटपाखरू नव्हतं. आणि समोर खिळ्यावर, नव्या काचेत, सरळ रेषेत लावलेली... सनद! वर्तमानपत्राची नीट घडी सेक्रेटरीच्या टेबलावर. फ्रेमच्या कोपऱ्यात कडब्याचं एक पान अडकलेलं. ते मी गुपचूप खिशात घातलं. इतकं हलकं मला लग्न जमल्यावरही वाटलं नव्हतं!

साहेबांनी सनद वाचली. म्हणजे कागद समोर होता, पण नावं त्यांना पाठच होती. बंद दाराबाहेर तलवार धरून मी ती ऐकली. एकाही नावाला आवाज थरथरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेषराव दारात. "साहेब, तुमची तसबीर पोचली ना? तुम्ही गेलात आन् लगेच एक म्हातारबा आला. म्हणला, लॉजीत पोचवतो. मला वाटलं हलवाई हाय. कमरेला पांढरं फडकं बांधलेलं."

आमच्या सभेत प्रत्येक सभासद कमरेला बांधतो तो एप्रन! शेषरावला 'पोचली' एवढंच सांगून वाटेला लावला. आठवड्यानं मात्र राहवेना. साहेबांकडं जाऊन सगळं कबूल केलं, खोटं बोललो तेही.

रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "एप्रनला निळी किनार होती?"

"शेषराव म्हणतो, कोरा पांढरा."

कोरा एप्रन फक्त नवशिक्याचा. त्या वर्षी आमच्याकडं एकही नवशिक्या नव्हता. साहेबांनी जुनं रजिस्टर काढायला लावलं आणि एका नावावर मला बोट ठेवायला सांगितलं. नाव लिहीत नाही, घरचे कुठंतरी असतील. उतारवयात भरती झालेला, पहिली पायरी झाली, दुसरीची तारीख ठरली... आणि पोलीस ॲक्शन झालं. घराला कुलूप लावून गेला. कुठं, ते कुणाला कळलं नाही. पुढचे रकाने कोरेच.

"कणगी त्याच्या घरातली होती, डॉक्टर," साहेब म्हणाले. "जाताना सनद माझ्या हातात देऊन गेला."

जिवंत होता की नव्हता? पडेगावहून इतक्या लवकर कसा पोचला, कुलपातून आत कसा गेला? सगळे तर्क करून झाले.

वर्धापनदिनाच्या जेवणात ग्लास उंचावून म्हणायचा शेवटचा टोस्ट टायलरचा असतो. जगभर विखुरलेल्या, संकटातल्या भावांसाठी: त्यांचं दुःख सरो, आणि त्यांची इच्छा असेल तर ते सुखरूप मायदेशी परतोत. दरवर्षी मी तो घडाघडा म्हणून सरबताचा ग्लास रिकामा करायचो. पुढच्या वर्षी 'इच्छा असेल तर'पाशी आलो आणि ग्लास खाली ठेवला. पुढचं वाक्य माझ्याऐवजी सिद्दीकीसाहेबांनी पुरं केलं... दाराकडं तोंड करून.