टायरवाली उपासना

निपाणीत हायवेच्या सर्व्हिस रोडला उपासनाचं टायरचं दुकान आहे. तिची आई लक्ष्मीबाई तंबाखूच्या वखारीत राबून थकलेली. लेकीनं ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला तेव्हा लक्ष्मीबाईला वाटलं, आता ही पंख्याखाली बसून काम करील. बेळगावातल्या एका शोरूमनं तिला बसवलंही पंख्याखाली, पण कुठं, तर काउंटरवर, येणाऱ्यांना नमस्कार करायला. वर्कशॉपमध्ये पाठवा म्हणून ती साहेबांच्या मागं लागली. ते हसले आणि म्हणाले, "तुला तिथं झेपायचं नाही." तिनं त्याच आठवड्यात नोकरी सोडली.

दुकान टाकलं तेव्हा गाड्या थांबायच्या, बाई बघून पुढं निघून जायच्या. उपासनानं कुणाला हाक मारली नाही. ती चाकं खोलायला बसायची रस्त्याकडं तोंड करूनच. बघायचं त्यानं बघावं.

टिकली ती आण्णाप्पाच्या गाड्यांमुळं. आण्णाप्पाचा टुरिस्ट गाड्यांचा धंदा. त्याच्या सगळ्या गाड्या हवेपासून अलाइनमेंटपर्यंत तिच्याकडंच यायच्या. एका दुपारी त्याचा ड्रायव्हर शामू सात सीटांची गाडी घेऊन आला.

"आक्का, ह्यो पिवळा दिवा तेवढा घालवा," तो म्हणाला. "मालकांनी सांगितलंय. पाशिंजर सारखं इचारत्यात, ह्ये काय लागलंय म्हणून."

उपासनानं गाडी बंद करून पुन्हा चालू केली. टायरच्या हवेचा दिवा आधी थोडा वेळ लुकलुकला, मग एकसारखा पेटून राहिला. तिनं चारी चाकांची हवा मोजली. हवा बरोबर होती.

"हवा कमी असती तर न लुकलुकता सरळ पेटला असता," ती म्हणाली. "लुकलुकतोय म्हणजे हवा मोजणाऱ्या सेन्सरचंच कायतरी बिघडलंय."

स्कॅनर लावला तर तीन चाकांनी उत्तर दिलं. डावीकडचं मागचं चाक गप्प. टायर उतरवून बघते तर आतला सेन्सर फुटलेला; कुणीतरी पूर्वी लोखंडी पट्टीनं टायर उचकटताना त्यावर दाब दिला होता. बेळगावहून नवीन सेन्सर बसनं मागवला, बसवला, स्कॅनरवरून गाडीला त्याची ओळख करून दिली. दिवा विझला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडते तोवर गाडी दारात उभी. शामूबरोबर खुद्द आण्णाप्पा आलेला. दिवा पुन्हा पेटला होता.

"नवीन सेन्सर घालून बी दिवा हायच," आण्णाप्पा म्हणाला. "तुला जमत न्हाय त्ये सांगायचं. आता त्या दिव्याची वायर काढ आन् गाडी सोड. जांबोटीच्या घाटातनं गोव्याला पाशिंजर जायचंय."

कालचं काम उपासनाच्या हातचं होतं. तिनं गाडी चालू केली आणि बघितलं, दिवा आज लुकलुकत नव्हता, सरळ पेटला होता. हवा मोजली. डाव्या मागच्या चाकात ती उतरलेली.

"दिवा बरोबर सांगतोय, आण्णा. काल सेन्सर मेला होता. आज तो जिता हाय, म्हणून हवा उतरलेली कळली."

"म्हंजे तूच बसवताना ढिला ठेवलास."

"आसंल. आधी माझंच तपासते."

सेन्सर ज्याला जोडला होता त्या हवा भरायच्या व्हॉल्व्हवर तिनं त्याच्यादेखत साबणाचं पाणी टाकलं. बुडबुडा आला नाही. मग सबंध चाक टाकीतल्या पाण्यात दाबलं आणि हळूहळू फिरवलं. रिमच्या आतल्या कडेनं बारीक बुडबुड्यांची ओळ वर आली. तिथं धातूला खोक पडली होती, भोवती बुरशीसारखा पांढरा गंज धरला होता. काल टायर चढवताना आपण ही कड नीट पुसून बघायला हवी होती, हे तिच्या लक्षात आलं. तसं ती बोललीही.

"घासून, कड बंद करून द्यायला वेळ लागंल," ती म्हणाली.

"वेळ न्हाय. वायर काढ."

"काढत न्हाय."

"माझी गाडी हाय."

"व्हय, तुमचीच. चाक चढवून देते, घेऊन जावा. पण दिव्याला माझा हात लागणार न्हाय. घाटात हवा उतरली तर गाडीत बसलेल्या माणसांना काय सांगू?"

"मग माझी एक बी गाडी हितं येणार न्हाय. ध्येनात ठेव."

उपासनाच्या डोळ्यांपुढं सगळ्या गाड्या एकामागून एक गेल्या. तिनं पाना उचलला आणि शामूकडं वळून विचारलं, "चढवू का चाक, दादा?"

शामू मालकाकडं न बघता म्हणाला, "नगो. मी हे चाक घिऊन घाट उतरत न्हाय. पाशिंजराला फोन करून सांगतो, उशीर व्हईल म्हणून."

आण्णाप्पा बाहेर जाऊन रस्त्याकडं पाठ करून उभा राहिला. उपासनानं रिमची कड तारेच्या ब्रशनं चकचकीत घासली, फट बुजवणारा सीलर लावला, टायर बसवला, पुन्हा पाण्यात धरला. पाणी शांत राहिलं. गाडी गेली तेव्हा दिवा विझलेला होता.

आण्णाप्पानं शब्द खरा केला. त्यानंतर त्याची एकही गाडी आली नाही. पुढचे काही महिने उपासनानं ओढाताणीत काढले. शोरूमच्या साहेबांचा एकदा फोन आला, काउंटरची जागा मोकळी आहे म्हणून. तिनं विचारलं, "वर्कशॉपमध्ये आहे का?" आणि उत्तर ऐकून फोन ठेवला. हळूहळू संकेश्वरकडचे, आसपासच्या गावांतले लोक येऊ लागले. कुणाकुणाला शामूनं पाठवलेलं असायचं.

तिनं नवीन बोर्ड करून घेतला, वर कन्नडात, खाली मराठीत: 'येथे बिघाड काढला जातो. दिवा नुसता बंद करून मिळणार नाही.'

लक्ष्मीबाईनं तो लेकीकडून वाचून घेतला आणि ती म्हणाली, "आसं लिवल्यावर कोण येणार गं?"

"न्हाय आलं तर न्हाय," उपासना म्हणाली आणि शिडीवर चढून तिनं बोर्डाचा शेवटचा स्क्रू घट्ट आवळला.